मदत हवी आहे: विमान रद्द झालं, पैसे एजंट आणि कंपनीच्या मधेच अडकलेत

नमस्कार मंडळी, मी जालन्याचा. संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून दिल्लीची तीन तिकिटं (आई, बाबा, मी) गावातल्याच एका ट्रॅव्हल एजंटकडून काढली होती. 21,600 रुपये. निघायच्या आदल्या रात्री साडेदहाला मेसेज आला, उड्डाण रद्द. आईने धपाट्यांचा डबा बांधून ठेवलेला! शेवटी दोन दिवसांनी तत्काळमध्ये सचखंड एक्सप्रेसने गेलो. ते असो.

आता अडीच महिने झाले. कंपनी म्हणते, पैसे एजंटच्या खात्यात टाकले. एजंट म्हणतो, दादा, रुपयाही आला नाही. कंपनीकडे पैसे टाकल्याचा पुरावा मागितला, तर क्रेडिट शेल घ्या म्हणाले, म्हणजे रोख परत नाही, पुढच्या तिकिटासाठी त्यांच्याकडेच जमा. आम्ही परत कधी विमानात बसणार? विमान वाहतुकीवरच्या सरकारी नियामकाच्या, डीजीसीएच्या नियमात तर स्पष्ट आहे की तिकीट एजंटकडून घेतलं तरी परताव्याची जबाबदारी कंपनीची, आणि क्रेडिट शेल प्रवाशाच्या मर्जीवर. हे ईमेलमध्ये लिहिलं, उत्तर तेच छापील. एअरसेवा या विमान प्रवाशांसाठीच्या सरकारी पोर्टलवरची तक्रार तर पैसे न मिळताच बंद केली.

1915 या ग्राहक हेल्पलाईनवरून कुणाचं काम झालंय का? नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगात जायचा विचार आहे. 2019 च्या कायद्याने आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी पण नाही. पण वकिलाशिवाय जमतं का? आधी नोटीस पाठवावी का, आणि एजंटलाही पक्षकार करावं का? माणूस ओळखीचा आहे, म्हणून जीवावर येतंय.