महिला क्रिकेट संघाचा इतिहास फलकावर लिहायचा आहे: सुरुवात १९७३ ची, १९७६ ची की १९७८ ची?

धुऱ्यावरचा_पंच
दिग्रस तालुक्यातल्या गावात वाचनालयाच्या भिंतीवर भारतीय महिला क्रिकेट संघाच्या इतिहासाचा ६ बाय ४ फुटांचा फलक रंगवायचा आहे. गावात पोरींची टीम तयार होतेय, तिच्यासाठी. अडचण अशी की सुरुवातीचं साल जो तो वेगळं सांगतो. कोणी १९७३ म्हणतो, कोणी १९७६, कोणी १९७८. एकाचं तर म्हणणं आहे की २००६ च्या आधी संघच नव्हता. फलकावर पंधरा ओळींच्या वर मावणार नाही, तेव्हा काय ठेवायचं आणि काय गाळायचं?
दुसरं, २६ जानेवारीला शाळेच्या मैदानावर पोरींचा लेदर बॉलचा सामना आहे. सिमेंटच्या पिचवर मॅट टाकणार. बॉल पोरांचाच वापरला तर चालतो का? सीमारेषा किती अंतरावर आखायची?

स्कोअरबुक_अमरावती
भाऊ, तिन्ही सालं बरोबर आहेत, पण तिन्ही वेगवेगळ्या गोष्टींची.

१९७३ हे संघटनेचं साल. महेंद्रकुमार शर्मांच्या पुढाकारानं लखनौला 'विमेन्स क्रिकेट असोसिएशन ऑफ इंडिया'ची नोंदणी झाली, अध्यक्षा बेगम हमीदा हबीबुल्ला. त्याच एप्रिलमध्ये पुण्यात पहिली आंतरराज्य स्पर्धा झाली. त्यात संघ तीनच होते: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. वर्ष संपायच्या आत वाराणसीला दुसरी स्पर्धा भरली, तेव्हा संघ आठ. तीनाचे आठ ही ओळ फलकावर घ्याच, बाकी सगळं त्यातून उभं राहिलं.

१९७५ ला ऑस्ट्रेलियाचा २५ वर्षांखालील संघ आला. पुणे, दिल्ली, कोलकाता असे तीन सामने झाले आणि तिन्हींना आपल्या कर्णधार वेगळ्या: उज्ज्वला निकम, सुधा शाह, श्रीरूपा बोस. हे अधिकृत कसोटी सामने नव्हेत, पण 'पहिली मालिका' म्हणून पुष्कळ ठिकाणी छापलं जातं. गोंधळ इथून सुरू होतो.

१९७६ हे कसोटीचं साल. ३१ ऑक्टोबरला बंगळूरला वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली अधिकृत कसोटी सुरू झाली, कर्णधार शांता रंगास्वामी. मालिका सहा कसोटींची होती. पहिला विजय नोव्हेंबरात पाटण्याला, मालिका १-१ अशी सुटली.

१९७८ हे एकदिवसीयचं. १ जानेवारीला ईडन गार्डन्सवर इंग्लंडविरुद्ध, कर्णधार डायना एदलजी. विश्वचषक आपल्याच देशात होता, चारच संघ होते, आणि आपण तिन्ही सामने हरलो. हेही लिहा, लपवू नका. आज जी उंची दिसते ती कुठून मोजायची हे पोरींना कळलं पाहिजे.

म्हणून 'सुरुवात' असा मोघम शब्द टाळा. 'संघटना १९७३, पहिली कसोटी १९७६, पहिला एकदिवसीय सामना १९७८' असं लिहिलं की वाद मिटतो. बारीक अक्षरात एक ओळ आणखी मावली तर बघा: महिलांचा पहिला विश्वचषक १९७३ ला इंग्लंडमध्ये झाला, पुरुषांच्या दोन वर्षं आधी. आपण त्यात नव्हतो.

पऱ्हाटी_एंड
२००६ च्या आधी संघच नव्हता म्हणणाऱ्याला ही यादी दाखवा. १९७७ ला न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनला शांता रंगास्वामींच्या १०८ धावा, भारतीय महिलेचं पहिलं कसोटी शतक. १९८६ ला इंग्लंडमधल्या वूस्टरला संध्या अगरवालच्या १९०. २००२ ला इंग्लंडमध्येच टाँटनला मिताली राजच्या २१४. २००५ ला दक्षिण आफ्रिकेत विश्वचषकाची अंतिम फेरी, ऑस्ट्रेलियाकडून ९८ धावांनी हार. हे सगळं जुन्या संघटनेच्या काळातलं आहे.

त्या संघटनेकडे नव्हता तो पैसा. खेळाडू रेल्वेच्या साध्या डब्यातून जायच्या, मुक्काम मिळेल तिथे. २००५ च्या विश्वचषकात सामन्यामागे १००० रुपये मिळाले, असं मिताली राजनं सांगितलं आहे. रेल्वेची नोकरी होती म्हणून कित्येक जणी टिकल्या. देशांतर्गत स्पर्धांत रेल्वेचा संघ वर्षानुवर्षं वरचढ राहिला त्याचं कारण हेच.

२००६ ला महिला क्रिकेट बीसीसीआयकडे आलं. लोक समजतात की तिथून चित्र पालटलं. तसं झालं नाही. २००६ लाच टाँटनला इंग्लंडला हरवून आपण तिथली पहिली कसोटी मालिका जिंकलो, आणि त्यानंतर पुढची कसोटी थेट २०१४ ला! इंग्लंडमधल्या वर्म्सलीला उतरलेल्या अकरा जणींपैकी आठ जणींची ती पहिलीच कसोटी होती. त्यांनी ती जिंकली, हे त्यांचं मोठेपण. मधल्या काळात २०१३ चा विश्वचषक घरच्या मैदानावर झाला, त्यात श्रीलंकेकडून हरून आपण साखळीतच बाद झालो. सामने कमी मिळाले की संघ मागे पडतो. या संघाचे चढउतार समजून घ्यायला मला हेच कारण सगळ्यात मोठं वाटतं.

खरं वळण २०१५ चं, त्या वर्षी महिलांना पहिल्यांदा वार्षिक करार मिळाले. दोन वर्षांत लॉर्ड्सवर विश्वचषकाची अंतिम फेरी, अवघ्या ९ धावांनी हार. २०२२ ला पुरुषांइतकंच सामना-मानधन: कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६ लाख, टी-२० ला ३ लाख. २०२३ ला डब्ल्यूपीएल, म्हणजे महिलांची प्रीमियर लीग, सुरू झाली. आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक आला. भारत ७ बाद २९८, शफाली वर्माच्या ८७, दीप्ती शर्माच्या ५८ धावा आणि ३९ धावांत ५ बळी. या ओळीला फलकावर सगळ्यात मोठं अक्षर द्या.

मॅटिंगवाला
पोरांचा बॉल वापरू नका. पुरुषांचा बॉल १५६ ते १६३ ग्रॅम, घेर २२.४ ते २२.९ सेंमी. महिलांचा १४० ते १५१ ग्रॅम, घेर २१ ते २२.५ सेंमी. दुकानात '५ औंस' मागा, म्हणजे साधारण १४२ ग्रॅम. शंका आली तर किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन करून घ्या. मोठ्या बॉलला लहान हाताची बोटं शिवणीच्या दोन्ही बाजूंना नीट बसत नाहीत, बॉल हातातून लवकर सुटतो आणि फुलटॉस पडत राहतात. फिरकीवाल्या पोरीला तर पकडच मिळत नाही. सीमारेषेवरून फेकताना खांद्यावर ताण येतो तो वेगळाच.

पिच मात्र पोरांइतकंच ठेवा, स्टंप ते स्टंप २०.१२ मीटर. पुढची क्रीज स्टंपपासून १.२२ मीटर. सिमेंटवर स्टंप रोवता येत नाहीत म्हणून स्प्रिंगचे स्टंप लागतील.

मॅट टाकायच्या आधी सिमेंट खराट्यानं झाडा, एक खडा राहिला तरी बॉल उसळतो. मॅट आधी लांबीत ताणा, मग रुंदीत. कडेचे खिळे काळ्या मातीत ठोकायचे असतील तर दोन दिवस आधी कडेनं पाणी मारून ठेवा. जानेवारीत आपल्याकडे जमीन भेगाळायला लागते आणि भेगेत ठोकलेला खिळा दहा षटकांत वर येतो. खिळा सरळ नको, बाहेरच्या अंगाला तिरपा ठोका. मॅटचं टोक बॉलरचा पुढचा पाय पडतो तिथे येऊ देऊ नका, पाय अडकून गुडघा जातो. स्पाइक्सचे बूट बंद, रबरी तळाचेच.

मैदानातल्या भेगा चाळलेल्या मातीनं भरा, थोडं पाणी मारा, दुसऱ्या दिवशी रोलर फिरवा. गिट्टी किंवा मुरूम भरू नका, सूर मारणारीचं कोपर सोलून निघतं.

सीमारेषा आंतरराष्ट्रीय महिला सामन्यात ६० ते ७० यार्डांवर असते, म्हणजे साधारण ५५ ते ६४ मीटर, पिचच्या मधोमधून मोजून. शाळेच्या पोरींना ४५ मीटर पुरे. पिचच्या मध्यावर एकानं दोरी धरायची, दुसऱ्यानं फिरत खुणा करायच्या. कुंपण असेल तर त्याच्या ३ यार्ड तरी आत ठेवा. फक्की डोळ्यांत जाते, त्यापेक्षा सुंभ अंथरा.

धुऱ्यावरचा_पंच
खूप आभार. ५ औंसाचे दोन बॉल यवतमाळवरून मागवतो. फलकावर विदर्भाची एक ओळ घेता येईल का? आणि इथल्या पोरींनी निवड चाचणीला जायचं कुठं, पुण्याला?

स्कोअरबुक_अमरावती
पुण्याला नाही. विदर्भाचे सगळे ११ जिल्हे नागपूरच्या विदर्भ क्रिकेट असोसिएशनकडे येतात, महाराष्ट्राचा संघ वेगळा.

ओळ अशी घ्या: नागपूरची मोना मेश्राम २०१७ च्या विश्वचषक संघात होती, अमरावतीची भारती फुलमाळी २०१९ ला गुवाहाटीत इंग्लंडविरुद्ध टी-२० खेळली. जागा उरली तर एप्रिल २०१८ चा नागपूरचा एकदिवसीय सामनाही घ्या, इंग्लंडला आपण एक गडी राखून हरवलं होतं.

चाचणीत लहान पोरींचं घोडं अडतं ते कागदावर. १५ वर्षांखालील गटात जन्मदाखला लागतोच, वर मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय तपासतात. जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि आधार, तिन्हींवर तारीख आणि नावाचं स्पेलिंग एकच पाहिजे. शाळेत घालताना १ जून लिहून टाकलेली तारीख आपल्याकडे बऱ्याच घरी सापडते. प्रत्येक पोरीचे तिन्ही कागद आत्ताच शेजारी ठेवून बघा आणि फरक असेल तर ग्रामपंचायतीत अन् शाळेत दुरुस्तीचा अर्ज या महिन्यातच टाका.