श्रावणापुरती सोडली, तर ती सोडली म्हणायची का?

तात्पुरता_ठाणेकर
गटारीच्या रात्री शेवटचा पेग घेतला, आज श्रावणाचा 18वा दिवस. त्याआधी 12 वर्षं रोज रात्री एक क्वार्टर, शनिवारी दोन. पहिल्या तीन रात्री बनियन पिळून काढावं इतका घाम, हाताला थरथर, झोप नावापुरती. आता बरंच बरं आहे. गोडाची मात्र भयंकर तल्लफ येते. दिवसाला सहा चहा, आणि काल पाव किलो जिलेबी एकट्याने संपवली. स्वप्नात दोनदा प्यायलो आणि दचकून उठलो.

मुद्दा असा की घरचे, मित्र, सगळे 'दारू सोडलेल्यांच्या मीटिंगला जा, व्यसनमुक्ती केंद्रात दाखवून ये' म्हणून मागे लागलेत. अरे, मी 18 दिवस स्वतःच्या जोरावर थांबलोय ना? ज्याला महिनाभर थांबता येतं तो व्यसनी कसा? पोळ्यापर्यंत, फार तर अनंत चतुर्दशीपर्यंत बंद. नंतर फक्त शनिवारी, मोजून. एकदा शिक्का बसला की माणूस जन्मभराचा पेशंट होतो. वाद घाला, उपदेश नको.

चखणा_समिती
+१. आमच्या विदर्भात पोळ्याच्या करीपर्यंत बाटलीकडे कुणी बघत नाही. 11 वर्षं पाळतोय, काही बिघडलं नाही. लोकांना दुसऱ्याला बेवडा ठरवायची फार हौस.

अण्णा_मिरजकर
मी 14 श्रावण पाळले. कडक, थेंब नाही. आणि माझी बाकीची दारू त्याच श्रावणांच्या आधारावर चालली. बायको मार्चमध्ये काही बोलली की माझं ठरलेलं, "श्रावणात हात तरी लावतो का मी?" ती गप्प. कॅरॅक्टर सर्टिफिकेटच ते, दर वर्षी नवीन शिक्का मारून घेतलेलं. शेवटची चार वर्षं तर पोळ्याच्या आठवडाभर आधीच खंबा आणून देवघराखालच्या कप्प्यात ठेवायचो. उघडायचो नाही. नुसता आहे हे माहीत असलं की झोप लागायची. महिनाभर मी दारू सोडून बसलेलो नव्हतो, तिची वाट बघत बसलेलो होतो.

हे कळायला पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात 35 दिवस काढावे लागले. तिथेही पहिला आठवडा 'हे सगळे बेवडे, मी आपला चुकून आलोय' याच तोऱ्यात होतो.

तात्पुरता_ठाणेकर
अण्णा, तुम्ही सकाळी उठल्या उठल्या घेत असाल. मी ऑफिसात कधी पिऊन गेलो नाही, गाडी ठोकली नाही, घराचे हप्ते वेळेवर. तुलना चुकते आहे.

अण्णा_मिरजकर
मीही सकाळी घेत नव्हतो. पहिली 9 वर्षं.

रात्रपाळीचा_डॉक्टर
व्यसनी आहात की नाही ते नंतर भांडा. धागाकर्ते, त्या तीन रात्री तुम्ही थोडक्यात सुटलात, आणि तुमचं वाचून उद्या कुणी तसंच करायला जाईल म्हणून लिहितोय.

180 मिलीच्या व्हिस्कीच्या क्वार्टरमध्ये साधारण 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. दारू मेंदूला रोज ब्रेक लावते, म्हणून मेंदूही वर्षानुवर्षं ॲक्सिलरेटर जास्त दाबून चालायला शिकतो. एका रात्रीत ब्रेक काढला की गाडी सुसाट. थरथर, घाम, मळमळ पहिल्याच दिवसात सुरू होते. फिट आली तर बहुधा पहिल्या दोन दिवसांत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, घरचीच माणसं ओळखू येत नाहीत. याला आम्ही डीटी म्हणतो, आणि उपचार मिळाले नाहीत तर माणूस जातो. श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात असे पेशंट येतात आणि नातेवाईक शपथेवर सांगतात, "पीत नाही हो, चार दिवसांपूर्वीच सोडली."

रोज पिणाऱ्याने, आणि आधी कधी फिट आलेल्याने तर नक्कीच, सोडायच्या *आधी* डॉक्टरला भेटावं. बऱ्याच जणांना भरती व्हावं लागत नाही. काही दिवस कमी कमी करत जायच्या गोळ्या, सोबत बी-1 जीवनसत्त्व, आणि रात्री घरात कुणीतरी जागं.

माळकरी_नातू
घाबरवायचे धंदे आहेत सगळे. माझे आजोबा रोज पहिल्या धारेची घ्यायचे. एका कार्तिकीला आळंदीला गेले, माळ घातली, मरेपर्यंत परत शिवले नाहीत. कुठली गोळी आणि कुठलं केंद्र! निश्चय कच्चा असला की मग मीटिंगा लागतात.

अर्धवट_वाचक
आजोबांना नमस्कार. पण माळ आणि श्रावण एका तागडीत घालू नका. माळेला शेवटची तारीख नसते. शिवाय माळ एकट्याने निभावता येत नाही. एकादशीला भजनाला कोण नव्हतं हे गावाला कळतं, वारीत पुढे-मागे दिंडीतली माणसं, आणि माळ काढली तर सगळ्या आळीत बोभाटा. 1935 साली अमेरिकेत दोन पिणाऱ्या माणसांनी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस सुरू केलं. तिथेही आपल्यासारख्यांत जाऊन बसायचं, बोलायचं, परत यायचं. तुमच्या आजोबांची मीटिंगच होती की दर एकादशीला.

माळकरी_नातू
म्हणजे देव लागतो, हेच मी म्हणतोय.

अर्धवट_वाचक
मी माणसं म्हणालो. देव तुम्ही आणलात.

कल्याणची_वहिनी
इथे सगळे पिणारे नाहीतर सोडलेले बोलताहेत. घरातली बाजू ऐका. आमच्याकडेही श्रावण असायचा. पहिले दहा दिवस हे नुसते चिडलेले. भाजीत मीठ कमी, मुलाचा अभ्यास, शेजाऱ्याचा टीव्ही, कशावरूनही. मग पंधरा दिवस इतके चांगले वागायचे की सासूबाई म्हणायच्या, बघ, माझा मुलगा मुळात गुणाचा. आणि मी कॅलेंडर बघत बसायची. पोळा जवळ आला की माझ्या पोटात गोळा. यांच्यासाठी तो सुट्टीचा महिना, माझ्यासाठी उलटी मोजणी. मुलगा सातवीत असताना एकदा विचारायला लागला, "आई, अधिक श्रावण परत कधी येणार?" कारण त्या वर्षी दोन महिने शांतता होती.

दादा, तुमच्या घरच्यांना विचारा, 18 दिवसांत त्यांना निवांत झोप लागली का.

जाता जाता: रेल्वेच्या भिंतींवर 'नकळत दारू सोडवा' लिहिलेलं असतं, त्या चहातून द्यायच्या पुड्या मीही आणल्या होत्या. धीर झाला नाही म्हणून वाचलो.

रात्रपाळीचा_डॉक्टर
वहिनी, बरंच झालं. अशा पुडीत काय आहे ते कुणालाच माहीत नसतं. आणि दारूवर रिॲक्शन येणारी जी खरी गोळी असते, ती पेशंटला न सांगता देणं जिवावर बेतू शकतं. छातीत धडधड, उलट्या, बीपी खाली. माणूस पितो, त्रास होतो, आणि का होतोय ते त्याला कळतही नाही.

चखणा_समिती
भावनिक बाजू मान्य, पण तर्काने बोलू. ॲनॉनिमसवाले काय सांगतात? 'फक्त आजचा दिवस.' म्हणजे तारीख तिथेही आहेच, आणि ती तर चोवीस तासांचीच. ठाणेकर 30 दिवसांचा वायदा करतोय. मग तोच जास्त खंबीर ठरला ना? 'जन्मभर नाही' म्हणायला लावलं असतं तर त्याने गटारीच्या दुसऱ्याच दिवशी बाटली उघडली असती.

अण्णा_मिरजकर
हे आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं बोललात, आणि अर्धं बरोबर आहे. जन्मभराचा विचार मलाही झेपत नव्हता, अजूनही करत नाही. पण 'आजचा दिवस' संपतो रात्री, आणि सकाळी तोच वायदा नव्याने करायचा असतो. त्या दिवसाच्या शेवटी बक्षीस ठेवलेलं नसतं. श्रावणाच्या शेवटी पेग असतो. तुम्ही 30 दिवस कशाकडे तोंड करून चालताय, एवढंच विचारतोय. पोळ्याच्या दिवशी 'फक्त आजचा दिवस' म्हणून बघा, मग मी तुमच्या बाजूने.

माळकरी_नातू
अण्णांचं हे पटलं. गोळ्यांचं अजून पटलेलं नाही.

तात्पुरता_ठाणेकर
सगळं वाचलं. अजूनही मी स्वतःला व्यसनी म्हणणार नाही, आणि 'मोजून' जमणार नाही हे कुणी सिद्ध केलेलं नाही. पण बायकोला विचारलं, वहिनींचा प्रश्न. ती म्हणाली, "मी अजून चावीचा आवाज ऐकते. दाराला एका झटक्यात लागते की चाचपडते." 18 दिवस रोज. मला वाटलं होतं ती खूश आहे.

दुसरं म्हणजे ऑफिसच्या ग्रुपवर विसर्जनानंतरच्या शनिवारी कर्जतला बसायचं ठरलंय. माझे 1500 रुपये पहिल्याच आठवड्यात गेले, मीच सगळ्यात आधी पाठवले. हे वर लिहिलं नव्हतं.

अण्णा, एक विचारायचंय, वादाचं नाही. दिवस जातो. साडेसात ते नऊ जात नाही. तेव्हा तुम्ही काय करायचात?

अण्णा_मिरजकर
फलाट तिकीट काढून मिरज स्टेशनावर बसायचो. घरी बसलं की कपाट दिसतं, रस्त्यावर फिरलं की परमिट रूम. फलाटावर चहा मिळतो, वडा मिळतो, ती मिळत नाही. कोल्हापूरची गाडी जाईपर्यंत बसायचं आणि घरी येऊन जेवायचं. पहिले दोन महिने तिकीट तपासनीसाला वाटायचं मी कुणाला तरी न्यायला आलोय. जेवण मात्र लवकर घ्या, रिकाम्या पोटी तलफ जोरात येते.

तात्पुरता_ठाणेकर
ठाण्याच्या फलाटावर साडेसातला उभं राहायला जागा मिळत नाही अण्णा.

अण्णा_मिरजकर
मग मला फोन करा. नंबर निरोपात टाकतो. साडेसातलाच करा, आधी नको, माझी भाकरी व्हायची असते.