मायचार्टवर (डॉक्टरांना मेसेज करायचं हॉस्पिटलचं अ‍ॅप) शुगरचे आकडे पाठवता का कोणी?

सुगरणबाई: मी न्यू जर्सीत असते, टाइप २ डायबेटिस आहे. पुढची अपॉइंटमेंट तीन महिन्यांनी, मधे काही लागलं तर मायचार्टवर मेसेज टाका म्हणाले डॉक्टर. पण लिहायचं काय नक्की? व्हॉट्सअ‍ॅपसारखं कधीपण टाकलं तर चालतं का?

बटाटेवडा: टाका की, फक्त उत्तर लगेच येत नाही, बऱ्याचदा आधी नर्स वाचते. आणि नुसतं 'शुगर वाढलीय' लिहू नका हो, त्यावरून त्यांना काय कळणार! मी असं टाकलेलं, 'उपाशीपोटी १६८, १७४, १७१, मेटफॉर्मिनची ५०० ची गोळी दिवसातून दोनदा, रात्री भात असतो.' दुसऱ्या दिवशी डोस बदलून मिळाला, खेप वाचली.

कोकणी_माणूस: काही हॉस्पिटलं मेसेजचे पण पैसे लावतात बरं का, आधी विचारून घ्या. आम्हाला आलंय बिल, असो.

सुगरणबाई: बापरे. आणि शुगर एकदम खाली गेली तर?

बटाटेवडा: तेव्हा मेसेज कसला टाइप करताय ताई! ७० च्या खाली दिसली की आधी अर्धा कप ज्यूस, १५ मिनिटांनी परत तपासायची, नाही चढली तर पुन्हा ज्यूस. शुद्ध हरपायला लागली तर घरच्यांनी सरळ ९११ (इथला इमर्जन्सी नंबर) लावायचा. मायचार्टवर नंतर सावकाश कळवा.