संतवचनं विसरली, की सोयीची तेवढी ठेवली?

कुंपणावरचा: परवा कुणीतरी लिहिलं, 'मोबाइलने स्मरणशक्ती खाल्ली, नव्या पिढीला संतांची चार वचनंही धड येत नाहीत.' वाचून डोकं फिरलं. जुन्यांना तरी काय येतं हो? 'जोडोनिया धन उत्तम वेव्हारे' गल्ल्यामागच्या फ्रेमपासून निरोप समारंभापर्यंत सगळीकडे. पुढचं 'उदास विचारे वेच करी' विचारा, निम्मे गप्प. जोडायचं लक्षात, वेचायचं नाही. 'ठेविले अनंते तैसेचि राहावे' सुनेला नि गड्याला ऐकवायला तयार, स्वतःच्या प्लॉटच्या वादात मात्र आठवत नाही. स्मरणशक्ती ठणठणीत आहे. घराला पटतं तेवढंच ती ठेवते.

माळकरी: हे पांढरपेशांचं झालं. आमच्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण हरिपाठ अथपासून इतिपर्यंत. शब्द चुकला की शेजारची म्हातारी टाळ थांबवून बघायची. चालीत बसलेलं असं सोयीने गळत नाही. फ्रेमवाल्यांवरून आम्हाला मोजू नका.

निळी शाई: पाठांतराचं कौतुक पुरे. 'ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा' हेही पाठच होतं ना? चोखोबांचा अभंग देवळात आणि चोखोबांची माणसं बाहेर, थेट १९४७ साली साने गुरुजी उपोषणाला बसेपर्यंत. तुकोबांचं 'वेदांचा तो अर्थ आम्हासीच ठावा' आमच्या वस्तीतल्या पोरांना येतं. तुमच्याकडे कितीजणांना?

माळकरी: दार बडव्यांनी अडवलं होतं. त्यांचं पाप वारकऱ्यांच्या माथी कशाला?

मोजपट्टी: भांडण्याआधी हे बघा. केंब्रिजच्या बार्टलेट या मानसशास्त्रज्ञाने इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची भुतांची कथा दिली आणि नंतर आठवून लिहायला लावली. कनूच्या साध्या बोटी झाल्या, सील मारायला निघालेले मासेमारीला गेले, भुतं तर अनेकांनी गाळूनच टाकली. १९३२ साली छापलंय. आणि नुसतं गळतच नाही, चिकटतंही. 'अहिंसा परमो धर्मः'ला 'धर्महिंसा तथैव च' हे शेपूट लावून 'आपल्याला अर्धाच श्लोक शिकवला' असं फिरवतात. महाभारतात ते शेपूट नाही.

सांडगेवाली काकू: बार्टलेट राहू दे, आषाढीला माझ्या घरी या. बुवांनी तासभर नामाचा महिमा सांगितला, आणि परत येताना सगळ्यांचा एकच प्रश्न, दाणे भाजलेत का? साबुदाणा, बटाटा, मिरची, शेंगदाणे, रताळं, सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. ज्ञानोबांनी यातलं काहीच पाहिलं नसणार. आपल्या लेखी मात्र तोच सनातन उपास.

वऱ्हाडी ठेचा: काकू, खिचडीत कोथिंबीर घालता का? आमच्याकडे लागतेच.

सांडगेवाली काकू: उपासाला कोथिंबीर? आमच्या सासरी जिरंसुद्धा नाही.

वऱ्हाडी ठेचा: मग आम्ही काय बाटलो? जिऱ्याला कुठल्या ग्रंथात बंदी आहे ते दाखवा.

सांडगेवाली काकू: ग्रंथ कशाला? सासूबाईंनी एकदा जिऱ्याची फोडणी पाहून अख्खं पातेलं गाईपुढे ठेवलं होतं. त्यानंतर कुणाची टाप नाही झाली.

वऱ्हाडी ठेचा: म्हणजे गाईचा उपास मोडला. छान.

सांडगेवाली काकू: थट्टा तुमच्या घरची करा. माझ्या सासूबाई कोरडी एकादशी करायच्या, पाण्याचा थेंब नाही.

कुंपणावरचा: माझाच मुद्दा सिद्ध होतोय, चालू द्या. माळकरीबुवा, तुमच्या आजीपुरतं मागे घेतो. बाकीच्यांच्या आज्या कुठे भेटतात?

मोजपट्टी: एका आजीवरून सिद्धांत मांडायचा आणि एका आजीसाठी मागे घ्यायचा. धन्य.

निळी शाई: चोखोबांवर एक ओळ, कोथिंबिरीवर रामायण. कुणाच्या काय लक्षात राहतं, ते इथेच दिसलं.

माळकरी: उत्तर दिलंय, वर चढून वाचा. 'वेदांचा तो अर्थ' आमच्या दिंडीत फारसं कुणी लावत नाही, एवढं कबूल. पुढच्या वारीला तुम्ही या आणि लावा, टाळ आम्ही धरतो. आणि काकू, जिरं चालतं.