पहिल्या एअर रायफलसाठी स्वस्तातला पण टिकणारा स्कोप आणि माउंट?

मुरबाड_रोड (कळवा)

नमस्कार मंडळी,

बोनसच्या पैशातून एक देशी बनावटीची एअर रायफल घेतली. नळी मोडून छर्रा भरायची, स्प्रिंगवाली, ०.१७७ इंच बोअरची. राहतो कळव्यात, पण नेमबाजी होते ती मुरबाडजवळ मामाच्या शेतावर. तिथे पुरुषभर उंचीचा मातीचा बांध आहे, त्याच्यापुढे कागद लावतो. अंतर २० मीटर, फार तर २५.

मला चष्मा आहे. मागची खाच, पुढचं टोक आणि कागद असं तिन्ही एकदम स्पष्ट दिसतच नाही, म्हणून स्कोप, म्हणजे वर बसवायची दुर्बीण, घ्यायचा ठरवलंय. आता गोंधळ असा की युट्यूबवर जे काही सापडतं ते सगळं अमेरिकेतलं. 'पहिल्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलसाठी स्वस्त स्कोप' असे तासतासभराचे व्हिडिओ. १ ते ६ पटीचा घ्या, कँटिलिव्हर माउंट घ्या, ५० यार्डांवर झिरो करा (म्हणजे त्या अंतरावर नेम आणि मार जुळवा). ते माउंट, म्हणजे स्कोप रायफलवर धरून ठेवणारा भाग, रुंद, आडव्या खाचांच्या पट्टीवर बसणारं दिसतं. माझ्या रायफलवर तर नुसत्या दोन बारीक उभ्या खोबणी आहेत.

बजेट दोन्ही मिळून सहा हजार. दुकानदार ३-९x४० (३ ते ९ पट झूम, ४० मिमीची काच) देतोय आणि 'रिंगा (स्कोप धरणाऱ्या कड्या) फुकट' म्हणतोय. ऑनलाइन जवळपास त्याच भावात ६-२४x५० दिसतोय, आणि मित्राचं म्हणणं की झूम जितका जास्त तितकं बरं. कोणी वापरलं असेल तर सांगा.

ऐरोलीकर

६-२४ घे. नेम नाही लागला तर कोजागिरीला चंद्र बघता येईल.

थट्टा सोड. माझ्याकडे रेड डॉट आहे, काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट. दहा मीटरवर डबे पाडायला मजा येते, कागदावर बारीक काम होत नाही. ठिपकाच छर्ऱ्यापेक्षा मोठा दिसतो.

वागळे_लेथ (ठाणे)

वागळे इस्टेटमध्ये माझं छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक मिलिंग. एअर रायफलवाली पोरं माउंट घेऊन येतात, 'काका, घसरतंय, जरा घट्ट करून द्या' म्हणत. त्यामुळे नवा माल मी कमी आणि मोडलेला जास्त पाहिलाय. त्यावरून लिहितो.

ते व्हिडिओ चुकीचे नाहीत, वेगळ्या हत्याराचे आहेत. एआर जातीच्या, म्हणजे त्या व्हिडिओतल्या, सेमी-ऑटोला दस्ता नळीच्या सरळ रेषेत असतो. गाल तिथे टेकला की डोळा आपोआप वर जातो, म्हणून स्कोपचा मध्य रेलपासून साधारण दीड इंच वर ठेवतात. डोळा रेलच्या मागच्या टोकाशी येतो, म्हणून स्कोप पुढे ढकलणारं कँटिलिव्हर लागतं. ती आडव्या खाचांची पट्टी म्हणजे पिकाटिनी रेल, अमेरिकन लष्कराने १९९५ मध्ये प्रमाण ठरवलेली. तुझ्या रायफलवर आहे ती ११ मिमीची डव्हटेल. दस्ता खाली उतरता. त्यावर दीड इंच उंच माउंट चढवलंस तर गाल दस्त्यावर टेकणारच नाही, हनुवटी टेकवून मारावं लागेल, आणि तसा नेम दोनदा सारखा बसत नाही.

आता खरी गोम. बारुदाची रायफल धक्का देते तो मागे. स्प्रिंगच्या रायफलमध्ये आत जड पिस्टन आहे. तो पुढे सुटतो तेव्हा रायफल मागे येते, आणि लगेच तो सिलिंडरच्या टोकाशी जाऊन थांबतो तेव्हा रायफलला पुढे हिसका बसतो. भरलेली लोकल सुटता सुटता मोटरमनने कचकन ब्रेक मारावा, तसं. एकाच शॉटमध्ये दोन उलट दिशांचे धक्के. कित्येक स्वस्त स्कोपच्या काचा आणि क्रॉस फक्त मागच्या धक्क्याच्या हिशेबाने बसवलेले असतात. भारी बारुदी रायफलवर वर्षानुवर्षे चालणारा स्कोप स्प्रिंगरवर खुळखुळा होतो तो यामुळे. तेव्हा डब्यावर किंवा माहितीपत्रकात 'स्प्रिंग एअर रायफलसाठी चालेल' असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घे. दुकानदाराची तोंडी हमी नको.

दुसरी गोष्ट पॅरालॅक्स. साधे रायफल स्कोप १०० यार्डांसाठी जुळवलेले असतात, ०.२२ चे बहुधा ५० साठी. तू मारणार २० मीटरवर. डोळा काचेच्या बरोबर मध्यावर नसला की क्रॉस कागदावर सरकलेला दिसतो. किती, याचा हिशेब सोपा आहे. ४० मिमीची काच, १०० यार्डांचा पॅरालॅक्स आणि २० मीटरवर कागद असेल तर वाईटात वाईट चूक १५-१६ मिमी. तुझा छर्रा साडेचार मिमीचा! पुढच्या काचेभोवती फिरणारी, अंतराचे आकडे असलेली कडी असते, तिला एओ म्हणतात. ती १० यार्डांपर्यंत खाली येणारी हवी. दुकानात तपासता येतं. स्कोप कशावर तरी स्थिर ठेव, समोरच्या पाटीवर कडी जुळव आणि डोकं हळूच डावी-उजवीकडे हलव. क्रॉस पाटीवर चिकटून राहिला तर ठीक.

झूमचं भूत डोक्यातून काढ. सहा हजारांच्या आतल्या ६-२४ मध्ये वरच्या झूमला चित्र धूसर होतं, आणि दिसतं ते स्वतःच्या छातीचं धडधडणं. शिवाय ५० ची काच म्हणजे वजन, आणि ते सगळं वजन प्रत्येक हिसक्याला माउंट ओढतं. २० मीटरला ४ पट पुरते, ६ भरपूर. ३-९x४० एओ घे. त्यापेक्षा स्वस्तात ४x३२ चा एअरगनसाठीचाच स्कोप मिळाला तर तोही चालेल, आत हलणारे भाग कमी.

फुकटच्या रिंगा फुकटच राहू देत. त्या बहुधा जस्ताच्या ओतीव असतात, दोन-चारदा आवळलं की आटे जातात. रायफल पुढे झटकली की स्कोप जागेवर राहू पाहतो, म्हणून माउंट डव्हटेलवरून मागे मागे सरकतं. नुसतं घट्ट आवळून हे थांबत नाही, पोरं तेच करतात आणि मग माझ्याकडे तुटलेला स्क्रू काढायला येतात. एक-तुकडी माउंट घे, खाली स्टॉप पिन असलेलं. तुझ्या रायफलच्या खोबणींच्या मागच्या भागात एक गोल भोक आहे का बघ. पिन त्यात उतरते आणि माउंट जागचं हलत नाही. बजेटमधले दीड हजार तरी यासाठी बाजूला ठेव, उरलेल्यात स्कोप. उलट केलंस तर दोन्ही जातील.

ऑर्डर करण्याआधी दोन मापं. स्कोपच्या नळीचा व्यास, म्हणजे एक इंच की ३० मिमी, त्याप्रमाणे माउंट. आणि नळी मोडल्यावर छर्रा भरायला बोटं जातील इतकी जागा पुढच्या काचेखाली उरते का. लांबलचक स्कोप तिथे आडवा येतो.

दहा_मीटर (खारघर)

काकांचं सगळं पटलं. एक वेगळी बाजू मांडते, कारण माझी मुलगी क्लबमध्ये १० मीटर एअर रायफल मारते आणि हा प्रश्न आमच्याकडे नवे पालक हमखास विचारतात.

पुढे स्पर्धेत उतरायचा विचार असेल तर स्कोपवर पैसे घालू नका. आंतरराष्ट्रीय नियमांत १० मीटर एअर रायफलला दुर्बिणीची साइट चालत नाही. मागे बारीक भोकाची पीप साइट आणि पुढे गोल कडी, एवढंच. आपल्या ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला विश्वविजेता झाला तो अशाच साइटवर. त्या टार्गेटचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलीमीटरचा असतो. तेव्हा काच नाही म्हणून नेम नाही, असं काही नसतं.

तुमची चष्म्याची अडचण मी रेंजवर रोज बघते. पीप साइटचं छोटं भोक कॅमेऱ्याचं छिद्र लहान करावं तसं काम करतं, जवळचं टोक आणि लांबचा कागद दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट होतात. तुमच्या रायफलच्या ११ मिमी खोबणीवर पीप साइटही बसू शकते. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, ठाणे आणि नवी मुंबईतही क्लब आहेत. एकदा जाऊन डोळा लावून बघा आणि मग ठरवा.

आणि कायद्याचं. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिमी बोअरची, २० ज्यूलच्या आतली एअर रायफल लायसन्सशिवाय ठेवता येते. बारुदाची कुठलीही रायफल, सेमी-ऑटो असो वा नसो, हा लायसन्सचा विषय. बिल आणि रायफलची शक्ती लिहिलेला कागद जपून ठेवा. शेतावर पक्षी किंवा खारींवर नेम धरू नका, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि तो गंमत समजत नाही.

मुरबाड_रोड (कळवा)

काका, भोक आहे! इतके दिवस मला ते तेल घालायचं वाटत होतं. नळीच्या बाजूला जागाही आहे. ३-९x४० एओ आणि पिनवालं एक-तुकडी माउंट, असं नक्की करतोय.

ताई, स्पर्धा सध्या तरी डोक्यात नाही, पण वरळीला जाऊन पीपमधून बघणार. पक्ष्यांचं म्हणाल तर मामीच आधी रायफल विहिरीत टाकेल.

काका, बसवायचं कसं आणि झिरो कुठे करायचा तेवढं सांगा. आणि रायफल कळव्याहून मुरबाडला कशी न्यावी?

वागळे_लेथ (ठाणे)

लोकलने नको. गाडीत, बॅगेत बंद, छर्रे वेगळे, बिल सोबत. माणसं बघतात ती रायफल, एअर की बारुदाची ते विचारत बसत नाहीत.

बसवताना आधी माउंटची पिन भोकात टेकव, मग खालचे स्क्रू. रिंगचे वरचे स्क्रू एकआड एक, थोडे थोडे, दोन्ही बाजूंची फट सारखी राहील असे. छोट्या ॲलन कीने दोन बोटांच्या जोरात. टॉर्क की असेल तर २ न्यूटन-मीटरच्या आत. जास्त पिळलंस तर स्कोपची नळी दबते आणि झूमची कडी जड फिरू लागते. गाल टेकवून डोळे मिट, उघडल्यावर पूर्ण गोल चित्र दिसलं पाहिजे. काळी कड दिसली तर स्कोप पुढे-मागे कर. काच आणि डोळा यांत तीन-साडेतीन इंच.

झिरो २० मीटरवर कर, पण पहिले शॉट १० वर मार म्हणजे कागद तरी सापडेल. पाव मिनिटाचा (मिनिट हे कोनाचं माप, वेळेचं नाही) एक क्लिक १०० यार्डांवर पाव इंच सरकवतो असं लिहिलेलं असतं. २० मीटरवर तो जेमतेम दीड मिमी. त्यामुळे क्लिक पाच-दहा एकदम फिरव, घाबरू नकोस. २० चा झिरो झाल्यावर १० मीटरवर छर्रा एक-दीड सेंटिमीटर खाली लागेल. तो दोष नाही, स्कोप नळीच्या वर बसलाय म्हणून.

रायफल घट्ट आवळून धरू नकोस. पुढचा हात नुसता खाली, उघड्या तळव्यावर तोलून, दस्ता खांद्याला हलका. स्प्रिंगरला तिच्या पद्धतीने उडू दिलं तरच ती रोज सारखी उडते. वाळूच्या पिशवीवर थेट टेकवलीस तर झिरोच बदलेल. छर्रे एकाच बनावटीचे वापर. आणि डबे-दगडांवर मारताना चष्मा काढू नकोस, शिसं उलटं येतं.

एक शक्यता आहे. नळी मोडणाऱ्या रायफलींची नळी बऱ्याचदा किंचित खाली झुकलेली असते. वरचा टरेट, म्हणजे क्लिकची घुंडी, शेवटपर्यंत फिरवला तरी छर्रा खालीच, असं झालं तर टरेट आणखी पिळू नकोस. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्लिक मोज, निम्म्यावर आणून ठेव आणि २० मीटरवर छर्रा किती मिमी खाली लागतो ते पट्टीने मोज. मागच्या रिंगखाली पातळ पत्र्याचा शिम घालायचा. रिंगांमध्ये १०० मिमी अंतर असेल तर ०.१ मिमीच्या शिमने २० मीटरवर २० मिमी वर येतं. त्याहून जास्त लागला तर शिम नको, ॲडजस्टेबल माउंट बघू.

शनिवारी दुपारपर्यंत वर्कशॉप उघडं असतं. रायफल आणू नकोस, माउंट, स्कोप आणि तो मिमीचा आकडा घेऊन ये. पत्रा मी कापून देतो.