जुना पेंटियम, सोलापूरचा मे महिना आणि ओव्हरक्लॉकिंग: करावं की नाही?

चाटी गल्ली (धागाकर्ता)
कारखान्याच्या ऑफिसात टॉवेलच्या डिझाइनसाठी एक जुना पीसी आहे. प्रोसेसर पेंटियम जी३२५८. पेंटियम नावाला २० वर्षं झाली म्हणून इंटेलने २०१४ मध्ये काढलेला. दोन कोर, ३.२ गिगाहर्ट्झ, ५३ वॅट, आणि एवढ्या स्वस्तात मल्टिप्लायर (१०० मेगाहर्ट्झला ज्याने गुणून वेग ठरतो तो आकडा) खुला, म्हणजे वेग ठरल्यापेक्षा वाढवता येतो. तेच ओव्हरक्लॉकिंग. मी तो ४२ वर, म्हणजे ४.२ गिगाहर्ट्झवर चालवतोय, व्होल्टेज १.२५. मदरबोर्ड एच८१ चिपसेटचा आहे. त्या चिपसेटला ओव्हरक्लॉकिंगची अधिकृत मुभा नव्हती, पण काही बोर्डवाल्यांनी बायोसमधून (बोर्डच्या मूळ सेटिंगमधून) सोय करून दिली होती.

जेकार्डचं मोठं डिझाइन उघडायला लागणारा वेळ डोळ्यांना दिसेल इतका कमी झालाय. पैसा न घालता वेग मिळतोय, तर का सोडायचा? मागाचा एक भाग झिजला म्हणून आपण अख्खा माग भंगारात देतो का?

जुळे सोलापूर
दादा, फुकट नाही हे. उष्णता फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात वाढते, आणि व्होल्टेजच्या तर वर्गाच्या प्रमाणात. ३.२ चे ४.२ म्हणजे १.३१ पट. मूळ व्होल्टेज १.०५ धरा, १.२५ चा वर्ग त्याच्या वर्गाच्या १.४२ पट. गुणाकार केला की जवळजवळ १.८६ पट! खोक्यातून आलेला छोटा पंखा एवढ्यासाठी बनलेलाच नाही.

दुसरं म्हणजे, पंखा प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. ज्यांचे आकडे बघून आपण सेटिंग ठेवतो, ते २०-२२ अंशांच्या खोलीत बसलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली सहज ४०. त्यांचे ७५ म्हणजे आपले ९३-९५. शंभराच्या आसपास प्रोसेसर स्वतःच वेग पाडतो, मग तुमचे ४.२ राहिले कुठे?

पूर्व भाग
कापसाच्या पिंजेचं कुणीच बोलेना. माझा पीसी मागांच्या शेजारच्या खोलीत होता. ओव्हरक्लॉक वगैरे काही नाही, तरी गेल्या उन्हाळ्यात आपोआप बंद पडायला लागला. झाकण काढलं. पंख्याखाली, हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या) पात्यांवर कापसाच्या तंतूंचा करडा थर, नमद्यासारखा दाबून बसलेला. चिमट्याने एक कोपरा धरून ओढला तर अख्खा थर एका तुकड्यात निघाला, त्यावर पंख्याचा गोल उमटलेला. साफ करून नवी थर्मल पेस्ट लावली, तेच काम करताना तापमान ९१ वरून ७४ वर आलं.

ज्याच्या घरात माग आहेत त्याने आधी महिन्यातून एकदा ब्लोअर मारावा, मग मल्टिप्लायरला हात लावावा.

होटगी रोड
मुळात दोनच कोर आहेत हो. वेग वाढवून दोनाचे चार होणार नाहीत. त्याच ११५० सॉकेटमध्ये (बोर्डवरच्या प्रोसेसरच्या जागेत) आय५-४५७० बसतो, चार कोर, ८४ वॅट. जुन्या बाजारात एक शोधा आणि विषय संपवा. शिवाय या पेंटियममध्ये एव्हीएक्स (जड आकडेमोडीच्या खास सूचनांचा संच) नाही. ज्या नव्या सॉफ्टवेअरला ते लागतं, ते ५ गिगाहर्ट्झ केलंत तरी उघडणार नाही.

चाटी गल्ली (धागाकर्ता)
एव्हीएक्सचं मान्य, त्याला उत्तर नाही. पण माझं डिझाइनचं सॉफ्टवेअर एकाच कोरवर चालतं, टास्क मॅनेजरमध्ये रोज बघतो. आय५-४५७० टर्बोला (आपोआप वाढणाऱ्या वेगाला) ३.६ पर्यंत जातो आणि दोन्ही हॅसवेल या एकाच पिढीचे. म्हणजे माझ्या कामात एकास एक माझा ४.२ पुढे. सगळ्यांना एकच औषध कसं चालेल?

जुळे सोलापूर
कामाचं पटलं. पण बोर्डचं काय? स्वस्त एच८१ वर प्रोसेसरला वीज देणाऱ्या मॉस्फेट नावाच्या भागांवर बहुतेक वेळा हीटसिंकसुद्धा नसतो. प्रोसेसर स्वतःला वाचवतो, ते बिचारे तापतच राहतात. बोर्ड गेला तर ११५० चा नवा आणणार कुठून? व्होल्टेज मूळचं ठेवा आणि प्राइम९५ या ताण देणाऱ्या चाचणीत तासभर टिकेल तेवढाच मल्टिप्लायर द्या. ३.७-३.८ मिळाले तरी पुष्कळ.

चाटी गल्ली (धागाकर्ता)
आज दुपारी तीन वाजता चाचणी घेतली, खोलीत ३९. ४.२ ला ९६ दाखवलं, मूळ व्होल्टेजवर ३.७ ला ७८. जूनचा पाऊस पडेपर्यंत ३.७. गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत मात्र पुन्हा ४.२ करणार, त्यावर मी ठाम आहे.

पूर्व भाग
करा. पण आधी झाकण काढून बघा.