भारत जिंकला तेव्हा तुम्ही कुठं होता?

आपल्या मराठवाड्यातली लेकरं आता जगभर पांगलीत. भारत जिंकतो त्या रात्री गावाकडचे फटाके आपल्याला फोनमधून ऐकू येतात. त्या दिवशी तुम्ही कुठं होता, सोबत कोण होतं, घरी पहिला फोन कुणाला लावला, ते लिहा. धावफलक सगळ्यांना पाठ आहे, तुमच्या खोलीत काय घडलं ते सांगा.

सुरुवात मी करते. मी अंबाजोगाईची, आता मस्कतला असते. २ नोव्हेंबर २०२५, महिला विश्वचषकाचा अंतिम सामना. नवी मुंबईत पावसामुळं खेळ दोन तास उशिरा सुरू झाला आणि इथं दुसऱ्या दिवशी लेकीची शाळा. तरी तिला झोपवलं नाही. दीप्ती शर्मानं पाच बळी घेतले, शेवटचा झेल हरमनप्रीतनं घेतला, ५२ धावांनी जिंकलो. लेक गळ्यात पडून म्हणाली, "आई, तू काय खेळायचीस?" खो-खो, मी म्हटलं. मग आईच्या आधी फोन लावला तो शाळेतल्या खेळाच्या बाईंना. एवढ्या रात्री त्या जाग्याच होत्या. त्यांना नीट बोलता येत नव्हतं, मलाही.

नांदेड, तेव्हा दोहा

२ एप्रिल २०११, क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना, भारत विरुद्ध श्रीलंका. खोलीत आम्ही सहा जण, त्यातला एक श्रीलंकेचा. महेला जयवर्धनेचं शतक झालं तेव्हा त्यानं सगळ्यांना चहा पाजला होता. धोनीचा षटकार गेला आणि आम्ही गप्प बसलो. त्याच्यासमोर नाचावंसं वाटेना. तोच उठला, प्रत्येकाचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "खाली जा, तुमची माणसं वाट बघतायत." खाली दोनशे माणसं नाचत होती. नांदेडला फोन लागायला रात्रीचे दोन वाजले.

पाटोदा, सध्या बर्मिंगहॅम

माझं रौप्यपदकाचं आहे, पण माझ्यासाठी तो विजयच. ६ ऑगस्ट २०२२, राष्ट्रकुल स्पर्धा, अलेक्झांडर स्टेडियम. अविनाश साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, म्हणजे शेजारच्या तालुक्यातला. ३००० मीटर स्टीपलचेस म्हणजे २८ अडथळे आणि सात वेळा पाण्यावरची उडी. १९९८ पासून २०१८ पर्यंत या शर्यतीची तिन्ही पदकं दर वेळी केनियाच घेऊन गेला होता. शेवटच्या फेरीत आपला गडी केनियाच्या किबिवोटच्या खांद्याला खांदा लावून पळत होता आणि मी उभा राहून ओरडत होतो, "पळ रं लेका, पळ!" किबिवोट ८ मिनिटं ११.१५ सेकंद, अविनाश ८ मिनिटं ११.२०. नवा राष्ट्रीय विक्रम.

शेजारी एक केनियन बाई होत्या. त्यांनी विचारलं, तुझा कोण लागतो? माझ्या जिल्ह्याचा, मी सांगितलं. माझे आईवडील सतरा हंगाम ऊसतोडीला गेले. इथं कुणी गाव विचारलं की मी 'मुंबईकडचा' म्हणून मोकळा व्हायचो. त्या दिवशी मी त्या बाईंना फोनवर नकाशा उघडून बीड दाखवलं.

संध्याकाळी आज्याला फोन केला.
"दुसरा आला म्हणतेत?"
"हो."
"किती मागं राहिला?"
"पापणी लवती ना, त्याच्याहून कमी."
"मग आलाच की रं पहिला."

लातूर, सध्या टोरांटो

थोडक्यात लिहिते. १९ जानेवारी २०२५, दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकात महिला आणि पुरुष, दोन्ही संघांनी नेपाळला हरवलं. महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे आपल्या बीड जिल्ह्यातली. इथल्या कुणाला हा खेळच ठाऊक नाही. मग पुढच्या रविवारी समाजमंदिराच्या हॉलमध्ये आठ मुलं ओळीनं बसवली आणि 'खो' कसा द्यायचा ते शिकवलं.

भोकरदन, सध्या सिएटल

२९ जून २०२४, बार्बाडोस, टी-२० विश्वचषकाचा अंतिम सामना, समोर दक्षिण आफ्रिका. माझी सकाळ, गावाकडं रात्र. तात्या मारुतीच्या पारावर टीव्ही लावून बसले होते. शेवटच्या षटकाआधी वारं सुटलं आणि लाईट गेली. तात्यांचा फोन आला, "सांग रे, काय चाललंय?" फोन स्पीकरवर, पारावर चाळीस-पन्नास माणसं. सहा चेंडू, सोळा धावा. हार्दिकच्या पहिल्याच चेंडूवर मिलरनं उंच मारला.

"गेला... सूर्या पळतोय... धरला! बाहेर चाललाय, वर उडवला, बाहेर गेला, आत आला, परत धरला!"

"दोरीला लागला का?" चार आवाज एकदम.

"बघतायत... थांबा... नाही लागला. आऊट!"

पलीकडून असा गलका उठला की पुढचं मला माझंच ऐकू येईना. एकेक चेंडू मी ओरडून सांगत होतो, तात्या पारावर मोठ्यानं म्हणत होते. सात धावांनी जिंकलो तेव्हा मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसलो होतो आणि कानाला फोन तसाच. बक्षीस समारंभ सुरू झाला आणि गावात लाईट आली.

"आली रे, दिसायलंय आता," तात्या म्हणाले. "तू पाणी पी. घसा बसलाय तुझा."